पहिल्या रविवारचा रस

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा रस एकाच घरी निघतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो लागतो. सोनपेठला बारा महिने द्राक्षं कुठली मिळायला, म्हणून मनुके भिजवायचे, कुस्करायचे, उकळायचे, पातळ फडक्यातून गाळायचे. मग तो रस एका प्याल्यात ओततात. त्याला आमच्यात कराराचा प्याला म्हणतात. देवानं माणसाशी कायमचा करार केला, त्याची ती खूण. सगळ्यांनी त्या एकाच प्याल्यातून एकेक घोट घ्यायचा. तीसेक वर्षं रस काढायचं काम माझ्या सासूबाईंकडं होतं. एका उन्हाळ्यात ते माझ्याकडं आलं, आणि मी ते पार बिघडवून ठेवलं.

मी इथली नाही. माझं माहेर मिरजेजवळच्या एका खेड्यातलं. आई अंथरुणाला खिळली, धाकट्या दोघांना बघायला घरात कुणी नव्हतं, म्हणून सहावीत माझी शाळा सुटली. सुटली ती सुटलीच. पुढं आमच्याकडचे एक पाळक बदलून परभणीकडं आले, त्यांच्या ओळखीनं हे स्थळ निघालं. मुलगा गवंडी, हातात कला, घर देवभिरू. वडील एकदा येऊन मुलगा पाहून गेले. सकाळी पाहिला. सकाळी तो सोन्यासारखाच असायचा. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर त्यांनाही कळलं असतं, पण त्यांना परतीची गाडी धरायची होती.

नवीन आले तेव्हा माझ्या बोलण्याला इथं सगळे हसायचे. आमच्याकडं बायाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात नळावर मी म्हणाले, "थांबा की, मी भरतो आधी." तर एक बाई घागर खाली ठेवून म्हणाली, "अगं बया! गवंड्यानं बायकू आणली का गडी आणलाय?" त्यानंतर दोन महिने मी नळावर तोंडच उघडलं नाही.

तसा माझा स्वभावच भित्रा. गॅसचं बटण तीनदा बघते, कडी लावल्यावर पुन्हा एकदा ओढून बघते. उद्याचं काम आजच करून ठेवलं नाही तर उद्या काहीतरी होईल, असं मला सारखं वाटतं. आणि संध्याकाळची भीती तर लग्नाबरोबरच आली. पाच वाजले की कान रस्त्याकडं. नवऱ्यानं माझ्यावर हात कधी उचलला नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. पण रात्री घरी यायचा तो माणूस वेगळाच असायचा. घरात असून नसलेला. आपण बोलावं आणि ते भिंतीला लागून परत यावं, तसं.

मंडळीचा नियम जुना आहे. पिणाऱ्यानं उपासनेला यावं, गाणी म्हणावीत, पण प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या सतरंजीवर बसावं. भाकर आणि प्याला तिथपर्यंत जात नाही. वर्षभर कोरडा राहिला तर पंच ठरवतात आणि पुढं बोलावतात. माझा नवरा सात वर्षं मागच्या सतरंजीवर बसला. त्याच्याच आईनं काढलेला रस सगळ्यांच्या हातातून फिरायचा आणि तो खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपसत राहायचा.

सासऱ्यांना मी पाहिलेलंच नाही. नवरा शाळेत होता तेव्हाच ते पाथरीकडं निघून गेले आणि तिकडं त्यांनी दुसरा संसार मांडला. तेव्हा म्हणे दोन पंच सासूबाईंकडं आले होते. 'काही दिवस रसाचं काम दुसऱ्या घरी देऊ, लोक बोलतात' म्हणाले. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण बोलता येतं. त्या म्हणाल्या, "रस मी काढते, माझा नवरा न्हाई. अन् करार मी बी केला न्हाई, देवानं केलाय. मोडायचा तर त्यालाच मोडावा लागंल. तुमाला काई निरोप आलाय का तसा?" पंच चहा पिऊन गेले.

हे त्यांनी मला सांगितलं ते माझ्या लग्नानंतर वर्षभरानं. माहेरी परत जायचं म्हणून मी पिशवी भरली होती, त्या दिवशी. मला वाटायचं, देव मला विसरून चुकीच्या घरात टाकून गेला. सासूबाईंनी पिशवीला हात लावला नाही, जाऊ नको म्हणाल्या नाहीत. फक्त पवित्र शास्त्र माझ्या पुढ्यात ठेवलं. "जायच्या आधी एवढं एक पान वाचून दाव. मला येत न्हाई." सहावीपर्यंत शिकलेली मी, बोट ठेवून, अडखळत वाचत गेले. पान संपेपर्यंत गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी दुसरं पान. आज जे चार शब्द मला लिहिता येतात ते त्या रोजच्या पानामुळं. शाळेनं मला सोडलं, सासूनं पुन्हा धरलं. हे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

नवऱ्याची दारू कशानं सुटली ते मला आजही नीट सांगता येत नाही. काही मोठं घडलं नाही. एका सोमवारी तो सहा वाजता कामावरून सरळ घरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "चहा टाक." मी इतकी गडबडले की साखर घालायची विसरले. त्यानं तो तसाच प्यायला. दुसऱ्या दिवशीही आला. मी कुणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. आमच्यात दृष्ट मानत नाहीत, तरी. असं करत वर्ष भरलं आणि पंचांनी निरोप दिला: मेच्या पहिल्या रविवारी पुढं या.

नेमकं त्याच वेळी सासूबाईंच्या डोळ्याचं निघालं. परभणीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर काळा चष्मा आला आणि डॉक्टरांनी चुलीजवळ, गॅसजवळ जायचं नाही म्हणून बजावलं. रसाचं काम आपोआप माझ्याकडं आलं.

"साधं काम हाय," सासूबाई म्हणाल्या. "शनवारी सकाळी भिजव, सांजच्याला उकळ, आयतवारी सकाळी गाळ. एवढं काय त्यात."

एवढं काय त्यात! सात वर्षांनी माझा नवरा प्रभुभोजनाच्या मेजाजवळ बसणार होता. शनिवारी मनुके मिळाले नाहीत तर? गॅस संपला तर? मलाच ताप आला तर? मी मंगळवारीच मनुके आणले. बुधवारी सकाळी भिजवले, संध्याकाळी उकळले, गाळले, वर मूठभर साखर घातली आणि रस घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून मोरीजवळ थंडाव्याला ठेवला. आता कसलीच काळजी नाही म्हणून त्या रात्री मला चांगली झोप लागली.

चाखून मात्र पाहिलं नाही. आमची आजी सांगायची, देवासाठी काढलेलं आधी चाखायचं नाही, हुंगायचंसुद्धा नाही. आमच्या घराण्यानं धर्म बदलला त्याच्या आधीची ती रीत. बाकी सगळं सुटलं, ती तेवढी राहिली. रविवारी सकाळी प्याल्यात ओतायला डबा उघडला तो नाकाला पदर लावूनच. झाकण फस्स करून निघालं. वर बारीक फेस होता. मला वाटलं, साखरेचा असेल. छान दिसतोय, असंही वाटलं.

आमची प्रार्थनेची खोली पत्र्याची. मे महिन्यात सकाळी नऊलाच पत्रा कडकड वाजायला लागतो. त्या दिवशी पंधरा घरं झाडून आली होती. नवऱ्यानं पांढरा सदरा घातला होता, दाढी इतकी घासून केली होती की हनुवटीला दोन ठिकाणी कापलं होतं. तो सवयीनं मागच्या सतरंजीवरच बसला. पाळकसाहेबांनी हात केला. "दादा, पुढं या. आज सुरुवात तुमच्यापासून."

तो पुढं जाऊन गुडघ्यावर बसला. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा दिला, तो त्यानं खाल्ला, आणि भाकर पुढं सगळ्यांत फिरली. मग प्यालाही आधी त्यालाच दिला. दोन्ही हातांनी धरून त्यानं तो ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबला.

मी बायांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत होते. तिथून त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण तो चेहरा मला पाठ होता. पाच वाजता कामावरून सुटलेला माणूस रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडं बघतो, तो चेहरा. वर्षभरात दिसला नव्हता.  काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी माझ्याच हातून झालंय, हे कळलं.

त्यानं प्याला खाली घेतला. "साहेब, हे आंबलंय."

"काय म्हणता?"

"आंबलंय. चांगलं चढंल असं झालंय. मला चालायचं न्हाई हे. दुसऱ्यालाबी देऊ नका."

 मग पुढच्या ओळीतून एक म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "बघा! बरूबर त्यालाच कळलं!"

दोघं-तिघं हसले. नवरा मागं वळला. मला वाटलं, आता उठून जातो. तो म्हणाला, "मलाच कळणार की, काकू. सात वर्षं तेच तर शिकलो. तुमचं नाक अडाणी हाय." मग सगळेच हसले. काकूही हसल्या. मी तेवढी हसले नाही.

पाळकसाहेबांनी प्याला हुंगला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "रस कुणी काढला?"

मी उभी राहिले.  "मी."

एक वयस्क पंच शेजारच्याच्या कानात बोलल्यासारखे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "म्हणून म्हणत व्हतो. त्या घरचं सगळं असंच."

तेवढ्यात सासूबाई उठल्या. काळा चष्मा, डोक्यावर पदर, एक हात भिंतीला. आधी माझ्याकडं वळल्या. "भिजवलंस कदी?"

"बुधवारी."

"बुधवारी! अगं, मे म्हैन्यात बुधवारचं ताक आयतवारी कुत्रं बी पीत न्हाई. चाखून न्हाई का बघितलंस?"

"देवाचं कसं चाखू, अत्याबाई?"

"मी तीस वर्षं चाखायलेय! लेकराला पाजायच्या आधी आई दूध हातावर टाकून बघती का न्हाई? तसं." मग काळा चष्मा पंचांकडं फिरला. "अन् दादा, तुमी काय म्हणत व्हता? घर वंगाळ हाय? हाय की. मी कदी न्हाई म्हणलं? पर घरं बघून करार करायचा असता, तर देव तुमच्या गल्लीतूनच माघारी गेला असता."

पंचांच्या बायकोनंच पहिल्यांदा हसू दाबलं. पाळकसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "भाकर झाली, प्याला व्हायचाय. अर्ध्यात उठायचं नाही. नवा रस निघेपर्यंत आपण गाणी म्हणू. कुणाला घाई असेल तर जा." कुणीच उठलं नाही.

मनुके आणायला कोण जाणार? "मी जातो," नवरा म्हणाला, आणि चपला घालून निघालासुद्धा.

तो एकटा निघाला. नुकताच तो वास नाकात भरलेला, आणि किराणा दुकानाच्या पुढं चार घरं सोडली की त्याची जुनी जागा. मी मागोमाग उठले. कुणालातरी सोबत पाठवावं, काहीतरी निमित्त काढावं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. चष्म्यामुळं त्यांचे डोळे दिसत नव्हते. "जाऊ दे त्याला. तू पाणी तापव."

खोलीच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात, बौद्ध आहेत. त्यांच्या बाईंनी स्वयंपाकघर उघडून दिलं, पातेलं दिलं, धुतलेलं मलमलचं फडकं दिलं. "आज तुमच्या देवाला जेवायला उशीर झाला म्हणायचा," त्या म्हणाल्या. मी हसायचा प्रयत्न केला. पाणी उकळायला लागलं. शेजारून एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. खिडकीतून रस्ता दिसत होता. रस्त्यावर ऊन आणि एक शेळी. दुसरं गाणं संपलं. किराणा दुकान पाच मिनिटांवर. तिसरं गाणं सुरू झालं. पाणी अर्धं आटलं, मी पुन्हा ओतलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि स्टूल पुढं सरकवलं. मी बसले नाही. त्या खिडकीत मी देवाला जे म्हणाले ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं. करार तू केलास ना, मग सांभाळ. मला जमत नाही. मी बुधवारी मनुके भिजवते, माझ्यानं काय सांभाळणार?

चौथ्या गाण्यात तो आला. घामानं पांढरा सदरा पाठीला चिकटलेला. हातात मनुक्यांची पुडी.

"एवढा वेळ?" माझा आवाज फाटला.

"आयतवार हाय. दुकान बंद. मोंढ्याच्या बाजारापर्यंत गेलो." पुडी फोडता फोडता तो थांबला. खाली बघत म्हणाला, "खोटं कामून बोलू. जागेसमोर उभा बी राहिलो. थोडा वेळ."

"मग?"

"मग काय. तिकडं सगळी माणसं भाकर खाऊन बसलीत. माझ्यापायी. आलो."

 मी पुडी घ्यायला हात पुढं केला, तर त्यानं दिली नाही. मनुके गरम पाण्यात टाकले, जरा निवू दिले आणि स्वतःच कुस्करायला लागला. सिमेंटनं चिरलेले हात ते, गरम रस त्यात झोंबत असणार, पण गारा कालवावा तसा सावकाश, तळापासून वर घेत कुस्करत राहिला. पुन्हा एक उकळी आणली. फडकं मी धरलं, त्यानं पिळलं. गाळून झाल्यावर सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चमच्यानं चाखलं आणि म्हणाल्या, "साखर घालू नका. चांगलाय."

प्याला पुन्हा आत गेला तेव्हा साडेअकरा झाले होते. लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपली होती. नवरा पुन्हा पुढं जाऊन गुडघ्यावर बसला. पाळकसाहेबांनी प्याला दिला. रस अजून गरम होता, पहिल्या घोटाला त्याच्या जिभेला चटका बसलेला सगळ्यांना दिसला. तो तसाच गिळला त्यानं. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हीच पुढं द्या." शेजारी तेच वयस्क पंच बसले होते. त्यांनी क्षणभर माझ्या नवऱ्याच्या हातांकडं पाहिलं. बोटं मनुक्यांच्या रसानं काळपट झाली होती. मग पंचांनी त्या हातांतून प्याला घेतला आणि फुंकर मारून घोट घेतला.

पुढचं झाकून ठेवत नाही. त्यानंतर दोन वर्षांनी बोरीला एका लग्नात तो घसरला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी स्वतः पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसला. पुन्हा वर्ष भरलं, पुन्हा पुढं आला. सासरे तर माघारी आलेच नाहीत. ते पाथरीकडंच वारले. सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. आमचं घर आहे तसंच आहे, एका भिंतीला ओल आणि दुसरीला तडा. पण देव ह्या घरातून गेला नाही. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या रविवारी घरी यायला एक वाजून गेला. नवरा तीन भाकरी जेवला आणि दारातल्या बाजेवर आडवा झाला. मी जेवले नाही. सवयीनं उंबऱ्याशी बसले, त्याच्या चपलांवर नजर ठेवून. उठला तर कुठं जातो ते बघायला.

सासूबाई आतून आल्या. काळ्या चष्म्यातून मला शोधत त्यांचा पाय माझ्या गुडघ्याला लागला. "हितं काय करायलीस?"

"काही नाही. बसलेय."

"राखण करायलीस." त्या खाली बसल्या. "त्याच्या बापाची मी लय राखण केली. दारात बसून बसून माझं कंबरडं गेलं. तरी गेलाच." त्यांनी कमरेला हात लावला. "राखणारा येगळा हाय, पोरी. तुझं काम न्हाई ते. उठ, जेव."

बाजेवर नवरा घोरत होता. मी उठले आणि ताट वाढून घेतलं. भाकरी गार झाली होती, तरी दोन खाल्ल्या.